बटन दाबलं की झालं

निपाणी, ३ डिसेंबर

ती. शालूआक्का यांना आण्णासाहेबाचा दोन्ही हात जोडून नमस्कार आणि जय जिनेंद्र.

डोळा कसा आहे? पट्टी निघाली, काळा चष्मा गेला आणि आता आपल्याला पेपरातलं बारीक अक्षरही दिसतं, असं आमच्या त्रिशलेनं पुण्याहून फोनवर सांगितलं. म्हणूनच एवढं लांबलचक पत्र लिहायचं धाडस करतोय. औषधाचे थेंब वेळेवर पडत असतीलच, कारण ते घालणारी व्यक्ती वेळेच्या बाबतीत कशी आहे हे मला चांगलं ठाऊक आहे. (पूर्वी ठाऊक नव्हतं. ते पुढे येईल.) वाकून जड काही उचलू नका, आणि डोळा चोळू नका. मी डॉक्टर नाही, पण एकतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवल्यामुळे माणसाला सल्ला देण्याची खोड लागते, ती माफ करावी.

आपल्याला वाटेल, आण्णासाहेबाला फोन नाही का? आहे. पण आपला मोबाइल हल्ली राजमतीच्या हातात असतो. मी दोनदा केला. दोन्ही वेळा तिनं उचलला आणि तुमच्या बेळगाव-वडगावच्या गल्लीतल्या यंत्रमागांचा खडखडाट मला ऐकू आला. ती काही बोलली नाही, मीही काही बोललो नाही, आणि माग मात्र पाच मिनिटं बोलत राहिले. तेव्हा पत्रच बरं. पाकिटावरचा पत्ता शेजारच्या निशाताईंकडून कानडीत लिहून घेणार आहे, म्हणजे पोस्टमननं पाकीट राजमतीच्या हातात दिलं तरी तिला माझं अक्षर ओळखू येणार नाही. पत्र एकट्यानं वाचावं. ती सकाळी बस्तीत भगवंताच्या दर्शनाला जाते तेव्हा वाचलंत तर उत्तम.

आता मूळ गोष्ट सांगतो. आपल्या धाकट्या बहिणीनं, राजमतीनं (माझी बायको असं म्हणायचा हक्क सध्या किती शिल्लक आहे ते आपणच ठरवा) तिकडे आल्यावर काय सांगितलं मला माहीत नाही. बहुतेक काहीच सांगितलं नसेल, आक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे म्हणून आले, एवढंच म्हणाली असेल. ते खरंच आहे. पण आठ दिवसांसाठी म्हणून गेलेली बाई आज पंचवीस दिवस झाले तरी येत नाही. निपाणीच्या बसला बायकांना आता सरकारनं तिकीटसुद्धा ठेवलेलं नाही, तरी येत नाही. याचा अर्थ विज्ञानाच्या माणसाला तरी कळायला हवा.

झालं असं. राजमतीचा उजवा खांदा दिवाळीच्या आधीपासून धरला होता, हात वर होत नव्हता. आमच्या शेगडीवरच्या कुकरचं झाकण लावताना तिचा जीव जायचा. त्रिशलेनं हे ऐकलं आणि आईसाठी विजेवर चालणारा कुकर धाडून दिला. पांढरा, गोल, पुढे बारा बटनं, झाकणावर एक टोपीसारखी चावी आणि तिच्याशेजारी करंगळीच्या नखाएवढी एक लोखंडी खुंटी. राजमतीनं तो बघितला आणि म्हणाली, "ह्याच्यात शिजलंय का न्हाय ते मला कसं कळणार? ह्याला शिट्टी न्हाय, वास न्हाय." त्या वेळी निशाताई दही मागायला आल्या होत्या. चार माणसांत विज्ञानाची बाजू घेणं माझं कर्तव्य आहे असं मला वाटलं. मी म्हणालो, "त्यात काय कळायचंय? बटन दाबलं की झालं. स्वयंपाकात एवढं अवघड काय असतंय?"

आक्का, एकेचाळीस वर्षं दोन वेळा हातात ताट घेतलेला माणूस हे वाक्य बोलला. निशाताईंनी दही न घेताच काढता पाय घेतला. राजमती ओरडली नाही. तिनं पदराला हात पुसले आणि म्हणाली, "मग दाबा." दुसऱ्या दिवशी शनिवारी सकाळच्या बसनं ती एक पिशवी घेऊन बेळगावला आली.

पहिल्या दिवशी मी उत्साहात होतो हे कबूल करतो. तांदूळ मोजले, धुतले, कुकरात ओतले, दुप्पट पाणी घातलं, झाकण फिरवलं, बटन दाबलं. कुकरानं 'पीं' केलं. मी बाहेर येऊन पेपर उघडला. पहिलं पान संपायच्या आत आतून आधी चर्र आवाज आला, मग जळक्या रबराचा वास, आणि मग घरातले सगळे दिवे एकदम गेले. मी आधी वीज मंडळाला दोष दिला (मनातल्या मनात). मग पाहिलं तर शेजारी पंखा फिरत होता. मेन स्विच आमचाच पडला होता.

विजेची उपकरणं दुरुस्त करणारा भरमा माझाच विद्यार्थी. दहावीला विज्ञानात तीन वेळा बसला होता. आता पंचेचाळिशीचा झालाय, पण मला बघितलं की अजून खांदे आक्रसून उभा राहतो. त्यानं झाकण उघडून आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "सर, आतलं भांडं कुठं हाय?"

"कसलं भांडं?"

"ह्यात एक भांडं येतंय, सर. तांदूळ-पाणी त्यात घालायचं. आणि ते ह्यात बसवायचं. तुम्ही डायरेक मशिनीत घातलासा."

मला आठवलं. खोक्यात एक चांगलं चकचकीत भांडं होतं खरं. ते कुकराबरोबर फुकट आलंय अशा समजुतीनं मी त्यात तांदूळ भरून फडताळात ठेवले होते. म्हणजे कुकराच्या भांड्यातून तांदूळ काढून मी ते कुकराच्या यंत्रात ओतले होते. भरमा हे ऐकून हसला नाही. त्यानं कुकर उलटा करून फडक्यात गुंडाळला आणि म्हणाला, "लई पाणी न्हाय गेलं, सर. वाळवून बगतो." तो दारातून बाहेर पडल्यावर मात्र रस्त्यावरून थोडा आवाज आला. तो हसण्याचा होता की खोकल्याचा, हे मी तपासलं नाही. ज्याला तीन वेळा वायूंचा दाब समजावून सांगितला त्यानं आपल्याला भांडं समजावून सांगावं, यात न्याय आहे.

चार दिवस मी केळी, शेंगदाणे आणि निशाताईंकडून आलेल्या भाकरीवर काढले. कुकर वाळून, आतला एक फ्यूज बदलून परत आला. या खेपेस मी भांडं बसवलं. बुडाखाली एक दाणाही राहू नये म्हणून बूड कोरड्या फडक्यानं पुसलं (हे भरमानं सांगितलेलं). आता काही चुकायचं कारण नव्हतं.

आपल्याला माहीत आहेच, मी सूर्यास्तानंतर जेवत नाही. लग्नाआधीपासूनचा नेम आहे, आणि तो मोडला नाही याचा मला जरा गर्वच आहे. शाळेच्या सहलीत, लग्नाकार्यात, लोक म्हणायचे, सरांचं व्रत बघा. तर त्या दिवशी सूर्यास्त पाच अठ्ठावन्नला होता. यंत्रावर खिचडीच्या बटनासमोर बारा मिनिटं लिहिलेलं. मी कागदावर गणित मांडलं. पाच पंचवीसला चालू, पाच सदतीसला तयार, पाच चाळीसला ताट, हातात अठरा मिनिटं. पाच पंचवीसला बटन दाबलं आणि समोर स्टूल टाकून बसलो. पाच तीस झाले, यंत्र बारा दाखवतंय. पाच पस्तीस झाले, बाराच. मला वाटलं बिघडलं. बेचाळीसला कुठे ती खुंटी वर आली आणि बाराचे अकरा झाले. म्हणजे आधी वाफ धरायला वेळ लागतो आणि त्यानंतर बारा मिनिटं मोजायची असतात. दाब तयार व्हायला वेळ लागतो, हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल.

पाच चोपन्नला 'पीं' झालं. मी ताट घेऊन उभाच होतो. झाकण फिरवलं तर फिरेना. आत वाफ आहे तोवर झाकण सुटत नाही, अशी त्याची रचना आहे, आणि ती माणसाच्या भल्यासाठी आहे, हे मला आता कळतं. तेव्हा मी त्या यंत्राला हात जोडले. खिडकीतून समोरच्या गच्चीवरचं ऊन आधी कठड्यावर आलं, मग टाकीवर चढलं, मग नाहीसं झालं. खुंटी सहा चौदाला 'टक्' करून खाली पडली. मी झाकण उघडलं. खिचडी, आक्का, सुरेख झाली होती. तिचा वास घेतला, झाकण परत लावलं आणि पाणीही न पिता उठलो.

त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा एक गोष्ट लक्षात आली, आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. एकेचाळीस वर्षं मी व्रत पाळतो असं लोकांना सांगत आलो. उन्हाळ्यात सूर्य सातला मावळतो आणि थंडीत सहाला, पण माझं ताट रोज सूर्याच्या अर्धा तास आधी पाटासमोर आलेलं असायचं. शाळेतून उशीर झाला तरी गरम असायचं. तिला ताप असला तरी असायचं. मी कधी पंचांग उघडलं नाही, कधी घड्याळ बघितलं नाही. मी फक्त बसत होतो. नेम माझ्या नावावर होता आणि पाळत ती होती.

(हे वाचून आपण तिला लगेच हाक मारू नये. पत्र अजून संपलेलं नाही.)

दुसऱ्या दिवशी मी निशाताईंना अडचण सांगितली. त्या कॉलेजात कानडी शिकवतात आणि त्यांच्याकडे असाच कुकर दोन वर्षं आहे. त्या म्हणाल्या, "सर, घाई असेल तर झाकणावरची चावी लांब चमच्यानं फिरवायची. वाफ एकदम निघून जाते." पुढचं वाक्य ऐकायच्या आत मी घरी पोचलो होतो. त्या दिवशी तुरीची डाळ लावली होती, पाहुणे येणार असल्यासारखी भांड्याच्या काठापर्यंत. 'पीं' झाल्याबरोबर मी चावी फिरवली. वाफ निघाली. वाफेमागोमाग डाळ निघाली. ती सरळ वर गेली, छताला लागली आणि तिथून तिला जिथे जावंसं वाटलं तिथे गेली. फडताळ, भिंतीवरचं कॅलेंडर, माझा चष्मा, काही सुटलं नाही. मी दारापर्यंत मागे सरलो म्हणून भाजलो नाही. निशाताईंचं पुढचं वाक्य असं होतं: डाळीला तसं करायचं नाही, डाळ फेसाळते, तिला आपोआप थंड होऊ द्यायचं, आणि भांडं अर्ध्याच्या वर भरायचं नाही. हे मला त्यांनी शिडी धरून उभ्या असताना सांगितलं. मी शिडीवर होतो.

वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी छत पुसताना माणसाला बरंच काही दिसतं. फडताळाच्या वरच्या कडेला धूळ नव्हती, आक्का. जिथे कुणाची नजर जात नाही तिथेही नव्हती. खांदा धरलेली बाई तिथवर हात कसा नेत असेल, याचा मी विचार करत राहिलो आणि डाळ वाळून गेली.

त्यानंतर मी शहाणा झालो असं आपल्याला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण तिसऱ्या आठवड्यात खिचडीला विचित्र वास यायला लागला. सोमवारच्या खिचडीला शनिवारच्या सांबाराचा वास, आणि त्याखाली आणखी एक वास, ज्याचं वर्णन आपला डोळा नाजूक असल्यामुळे करत नाही. डाळ बदलली, तांदूळ बदलले, मी स्वतः आंघोळ करून आलो. शेवटी भरमाला बोलावलं. त्यानं झाकणाच्या आतली रबरी रिंग बोटानं ओढून काढली आणि माझ्या नाकाखाली धरली. ती रोज काढून धुवायची आणि वाळवायची असते. मग त्यानं कुकराच्या पाठीमागून एक लहानशी प्लास्टिकची वाटी काढली. तीत वाफेचं पाणी साठतं. दोन आठवड्यांचं पाणी होतं. भरमा म्हणाला, "सर, ह्यात आता मासं सोडायचं का?" शाळा सुटल्यापासून माझ्यासमोर त्यानं केलेला हा पहिला विनोद. मी हसलो, तोही हसला, आणि त्यानंतर तो आमच्या स्वयंपाकघरात खांदे न आक्रसता उभा राहिला. मी त्याला चहा केला. (चहा शेगडीवर. चहा मला येतो.)

रिंग धुतली, उन्हात वाळवली, आणि दुसऱ्या दिवशी ती उन्हातच विसरून झाकण लावलं. वाफ चारी बाजूंनी पळून गेली, खुंटी वर आली नाही, तांदूळ खाली लागले. ते एवढं विस्तारानं सांगत नाही. चुकांचीही एक मर्यादा असते, माझी मोठी आहे एवढंच.

पण बाविसाव्या दिवशी, आक्का, जमली. मुगाची खिचडी. चार वाजून चाळीस मिनिटांनी बटन दाबलं. पाच वीसला खुंटी आपली आपण खाली पडली. झाकण काढलं तर दाणा न् दाणा मऊ, वर तुपाची धार, सूर्य अजून समोरच्या टाकीच्या वर हातभर. मी ताट वाढून घेतलं आणि बसलो. पहिला घास घेतला आणि मान वर करून बघितलं. समोर कुणी नव्हतं. एवढी चांगली झालीय हे सांगायचं कुणाला? मी वाटी झाकून निशाताईंकडे नेली. त्यांनी चव घेतली, म्हणाल्या, "खाण्यासारखी झालीय, सर." चांगलं वाक्य आहे. पण मला ते दुसऱ्या तोंडातून ऐकायचं होतं.

आणि तेव्हा दुसरी गोष्ट लक्षात आली. राजमतीनं कुकरांत, चुलींवर, तुमच्या माहेरच्या अंगणात, आमच्या या घरात, जेवढे पदार्थ केले, त्यांतला प्रत्येक वाढून झाल्यावर ती एक क्षण थांबायची. हात तिथेच, वाटीजवळ. मला वाटायचं आणखी वाढायचं का म्हणून थांबलीय. मी म्हणायचो, "बास." एकेचाळीस वर्षं मी त्या थांबण्याला "बास" म्हणालो.

तर अशी इकडची हकिगत. एकंदरीत सर्व ठीक आहे. माझी प्रकृती उत्तम, वजन थोडं उतरलंय पण ते डॉक्टरांनीच सांगितलं होतं. कुकर आता माझ्या ताब्यात आहे, रिंग रोज धुतो, वाटी रोज रिकामी करतो, बूड पुसतो, वायर काढून ठेवतो. माझी कसलीही गैरसोय होत नाही. राजमतीनं आपल्या डोळ्यासाठी हवं तितकं राहावं. घाई नाही.

मेहुण्यांना नमस्कार. लहानांना आशीर्वाद.

आपला
आण्णासाहेब

ता. क. वरच्या शेवटच्या परिच्छेदातलं 'घाई नाही' हे खोडायचं होतं, पण खाडाखोड केलेलं पत्र मला आवडत नाही. घाई आहे. आपला डोळा बरा झाला असेल तर तिला पाठवून द्या. मी सांगितलं असं सांगू नका. खांद्याला शेक द्यायला गरम पाण्याची पिशवी आणून ठेवलीय. झाकण आता मीच लावणार, ते तिला फिरवावं लागणार नाही. आणि त्या दही मागायच्या दिवशी मी जे बोललो ते चुकीचं होतं. हे मी निशाताईंनाही जाऊन सांगितलं, कारण बोललो त्यांच्यासमोर होतो. तिला सांगायचं राहिलंय. ते पत्रातून सांगण्यासारखं नाही, तोंडानं सांगेन, तेवढी संधी मिळावी.

ता. क. दुसरी. ४ डिसेंबर. काल निशाताई उशिरा आल्या म्हणून पत्ता लिहायचा राहिला आणि पाकीट टेबलावरच होतं. आज दुपारी सव्वातीनला मी मूग धूत असताना दार वाजलं. राजमती. हातात पिशवी, पिशवीत आपण दिलेला खव्याचा कुंदा. मी म्हणालो, "आलीस?" ती म्हणाली, "व्हय." पाय धुतले, देवाला हात जोडले, आणि स्वयंपाकघरात येऊन कुकर उचलून बघितला. बूड, रिंग, मागची वाटी, सगळं. मग जागच्या जागी ठेवला. मी तिला पाटावर बसायला सांगितलं. तेही तिनं ऐकलं, यावरून ती दमली असावी. पाच वीसला खिचडीचं ताट वाढलं. मी उभा राहिलो. मला जे सांगायचं होतं ते ओठावर आलं होतं, सगळी वाक्यं रचून ठेवली होती, पण तोंडातून आलं एवढंच, "माझं चुकलं." तिनं एक घास खाल्ला. म्हणाली, "मीठ कमी हाय." मग ताट पुढं केलं आणि म्हणाली, "आणि थोडी घाला."

तेव्हा वरची विनंती रद्द समजावी. पत्र मात्र धाडतोय, कारण आता वेगळीच गोष्ट विचारायची आहे. आक्का, तिला तुम्ही पाठवलंत की ती आपणहून आली? मी तिला विचारणार नाही आणि ती सांगणार नाही. तुम्ही एवढंच कळवा. उत्तर भरमाच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवा. घरी आलेलं पत्र आधी ती उघडते.